आधी बारीक होऊ दे

आमच्या शाळेच्या कचेरीबाहेर दहावीच्या निरोपसमारंभांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. मधल्या खुर्चीत हेडसर, दोन्ही बाजूंना आम्ही शिक्षक, मागे बाकांवर उभी मुलं आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या मुली. हेडसर बदलत गेले, माझे केस पांढरे होत गेले, चित्रकलेच्या सरांचे तर गेलेच. या फोटोंत एक बाई मात्र वर्षानुवर्षं कुठेच सापडत नाही, आणि ती काही नजरेतून सुटावी अशी नव्हती. कुंदा सोहोनी, आमच्या भूगोलाच्या बाई. शाळेच्या फाटकातून आत आलेल्या माणसाला सगळ्यांत आधी तीच दिसायची.

फोटोच्या दिवशी ती सकाळपासून राबायची. मुलांना उंचीप्रमाणे उभं करायची, मुलींच्या ओढण्या सारख्या करायची, कुणाचा भांग विस्कटला असेल तर स्वतःच्या पर्समधला कंगवा काढायची. सगळे बसले की एका टोकाच्या खुर्चीवर अलगद टेकायची. मग फोटोग्राफर कॅमेऱ्यातून मान वर काढून म्हणायचा, "सोहोनी बाई, जरा आत सरका. फ्रेममध्ये येत नाही." की ही लगेच उठलीच.

"माझं राहू दे रे. मी मुलांना हसवत्ये."

आणि कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून अशी काही तोंडं करायची, की मुलं खदाखदा हसायची. म्हणजे त्या सगळ्या वर्षांच्या फोटोंत मुलं हसतायत ती कुंदाकडे बघून, आणि कुंदा मात्र फोटोत नाही. मी चिडायचे. मी गणिताची बाई, मला अशी गाळलेली संख्या खपत नाही. पण तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी बारीक होऊ दे गो. मग काढू."

हे 'आधी बारीक होऊ दे' तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की पोरं मागून तिची नक्कल करायची. नवी साडी घडी न मोडता कपाटात, कारण आधी बारीक होऊ दे. गणपतीपुळ्याला सहल गेली की आम्ही सगळ्या पाण्यात पाय भिजवायचो आणि ही वाळूत चपलांची राखण करायची, कारण तेच. तिचा नवरा मोहन मालवाहू बोटीवर इंजिनियर. कंपनी बायकोला बरोबर न्यायची परवानगी देते म्हणून तो बिचारा दर सुट्टीत विचारायचा. ही म्हणायची, "बोटीचे जिने म्हणे अरुंद असतात." मोहन नुसता माझ्याकडे बघून मान हलवायचा. त्याला आपली बायको मनापासून आवडायची. तिला ते पटायचं नाही, एवढाच घोटाळा होता.

शिकवायची मात्र अशी, की तिच्या तासाला वर्गात डबे उघडायची परवानगी होती. एकेका मुलाला विचारायची, "तुझं गाव कुठलं? आज आईने काय दिलंय?" आणि डब्यातून पाऊस, माती, उतार, समुद्र सगळं बाहेर काढायची. लांज्याच्या मुलाच्या डब्यात काजूगराची उसळ असली की काजू कातळात कसा तग धरतो ते आलं. मिरकरवाडा बंदरातल्या मुलीचा मासळीचा डबा उघडला की वारे आणि सागरी प्रवाह आले. फळ्यावर नकाशा न बघता काढायची, आणि आपला किनारा काढताना कधी घाई करायची नाही. गुडघे कुरकुरायला लागल्यावर वरच्या मजल्यावरचे दहावीचे वर्ग तिच्याकडून काढून घेतले, तेव्हा मुलंच हेडसरांकडे गेली होती. कुंदा म्हणाली, "पाचवीतली पोरं गोड असतात." त्या दिवशी ती जिन्याकडे न बघता घरी गेली.

स्वतःच्या डब्यातलं सगळ्यांना वाढायची. घावन, फणसाची भाजी, एखाद्या दिवशी सांदणं. आम्ही हाणायचो आणि ही समोर बसून "माझं झालं गो" म्हणायची. कधी झालं, कुठे झालं, कुणी बघितलं नाही. नकाशांच्या कपाटात खालच्या कप्प्यात आंबापोळीचं पाकीट असायचं, ते मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं, आणि त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

लांज्याला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं चालू असताना प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय फाकले आणि कुंदा मूठभर अक्षतांसकट खाली बसली. हॉलभर हशा. सगळ्यांत मोठ्याने हीच हसली. "भटजी, थांबू नका हो, मी इथेच बरी आहे!" लोकांना वाटलं, काय खेळकर बाई. परतीच्या एस.टी.त मी शेजारी होते. हातखंबा आला. मग तिने पर्समधून आंबापोळी काढली आणि खिडकीबाहेर बघत एकटीने सगळी संपवली. मला तिची इतकी दया आली की मी झोपेचं सोंग घेतलं. तेव्हापासून कुठल्याही कार्यात ती दोन खुर्च्या एकात एक घालून मागायची. आमचा शिपाई दत्ताराम तर न सांगताच तशा आणून ठेवायचा.

पुढे साखर वाढली, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला, आणि डॉक्टरांनी वजन कमी करायच्या ऑपरेशनचं नाव काढलं. कोल्हापूरला एका इस्पितळात करतात म्हणाले. दुसरी कुणी घाबरली असती. कुंदाचा चेहरा असा उजळला, जसा काही मुलाचा निकाल लागला. स्टाफरूममध्ये येऊन मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "सुधे, मे महिन्यात करत्ये. जूनला शाळा उघडेल ना, तेव्हा फाटकात तू मला ओळखणार नाहीस." मग यादीच सुरू झाली. फोटो, समुद्र, बोट, दहावीचा वर्ग. मला आनंद झाला. पण आयुष्यात राहून गेलेलं सगळं तिने त्या एका ऑपरेशनच्या खुंटीला नेऊन टांगलं होतं, आणि एवढं ओझं ती खुंटी पेलणार का, असं मला वाटत राहिलं.

त्या इस्पितळाची एक अट होती. ऑपरेशनच्या आधी तिथल्या समुपदेशक मॅडमना भेटायचं. मनाची तयारी आहे का ते त्या बघणार आणि मग पुढचं ठरणार. आता हे कुठल्याही माणसाला सांगितलं तर तो जाऊन बोलून येईल. पण आम्ही पडलो शिक्षक. कुंदाने 'बघणार' एवढाच शब्द ऐकला आणि त्याची तोंडी परीक्षा केली. मोबाइलवर वाचून वाचून तिने प्रश्नोत्तरं काढली. मधल्या सुट्टीत मी परीक्षक. मी विचारायचं, "आपल्या अपेक्षा कोणत्या?" आणि तिने हाताची घडी घालून सांगायचं, "माझ्या अपेक्षा वास्तववादी आहेत." चुकली तर मी पुन्हा विचारायचे. हसू नका, मी तिला 'वास्तववादी'चा उच्चारही सुधारून दिला होता.

वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आम्ही दोघी पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला गेलो. मॅडम वयाने आमच्या विद्यार्थिनीएवढ्या, कोल्हापूरच्याच. कुंदाने "ही आत असली की मला धीर येतो" म्हणून मलाही आत बसवलं.

"बोला की बाई. ऑपरेशन कशासाठी करायचं म्हणता?"

"मधुमेहावर नियंत्रण, गुडघ्यांवरील भार कमी करणे, झोपेतील श्वसनात सुधारणा," कुंदा एका दमात म्हणाली. "माझ्या अपेक्षा वास्तववादी आहेत."

मॅडमचं पेन थांबलं. "मन उदास असलं, की एकटं बसून खाणं होतं का?"

"नाही. आहार संतुलित आहे."

मी तिच्या पर्सकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, घरात अशी एखादी वस्तू आहे का, बारीक झाल्यावर वापरू म्हणून ठेवून दिलेली?"

हा प्रश्न आमच्या अभ्यासात नव्हता. कुंदाने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "झोपाळा."

मला हे नवीन होतं. तिच्या घराच्या पडवीत पूर्वी सागवानी झोपाळा होता. खाली ही, वरच्या मजल्यावर तिची जाऊ. एका संध्याकाळी ही झोपाळ्यावर बसली तशा कड्या करकरल्या, आणि जाऊ म्हणाली, "उतर गो बाई, स्लॅब खाली येईल. वर मी राहत्ये." सगळे हसले. कुंदाही हसली. दुसऱ्या दिवशी तिने झोपाळा काढून पाट पलंगामागे उभा करून ठेवला. मोहनने विचारलं तर सांगितलं, बारीक झाले की लावू. तिचा मुलगा शाळेत जायचा तेव्हाची ही गोष्ट, आता तो नोकरीला लागलाय.

हे सांगता सांगता ती रडायला लागली आणि मग सगळं बाहेर आलं. बारीक झाले की कुणी हसणार नाही. जावेचं तोंड बंद होईल. मोहनला माझी लाज वाटणार नाही. रात्री उठून आंबापोळी खावीशी वाटणार नाही. मी वेगळीच बाई होईन. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर पाण्याचा पेला पुढे केला.

"बाई, आम्ही ऑपरेशन पोटाचं करतो. साखर उतरायची, गुडघे हलके व्हायची, श्वास सुधारायची चांगली आशा आहे. बाकीचं तुम्ही जे सांगितलंत, ते पोटात नाहीच की."

कुंदाने डोळे पुसले. "म्हणजे मी नापास?"

"इथं पास-नापास नसतं. तयारी असते, ती अजून थोडी व्हायचीय. मेमध्ये नको, दिवाळीत बघू. तोपर्यंत आपण फोनवर बोलत राहू. एकटं बसून खाण्यावर बोलायचंय, जावेवर पण बोलू." मग त्या हसल्या. "आणि घरचा अभ्यास देते. तुम्हाला आवडेल. झोपाळा लावा. आत्ता, ह्याच वजनाला."

परतीच्या वाटेत आंबा घाट उतरेपर्यंत कुंदा धुमसत होती. "माझ्या साखरेचा आणि झोपाळ्याचा संबंध काय गो? आणि अभ्यासक्रमाबाहेरचं विचारणं हा अन्याय आहे." मी हो ला हो म्हटलं. साखरप्याला गाडी थांबली तशी ती उतरली आणि दोन बशा वडे घेऊन आली. मला वाटलं, आता नेहमीप्रमाणे दोन्ही माझ्यापुढे सरकवून म्हणेल, माझं झालं. ती बाकावर माझ्यासमोर बसली आणि तिने आपली बशी सगळ्यांदेखत, सावकाश, चटणीसकट खाल्ली. तोंडाने मॅडमना नावं ठेवणं चालूच होतं.

मे महिन्यात मोहन सुट्टीवर आला आणि एका संध्याकाळी मला फोन आला, "सुधे, ये. मरायचं तर साक्षीला कोणीतरी हवं." मी गेले. मोहनने पाट पुसून, साखळ्या अडकवून झोपाळा लावला होता. कुंदा भिंतीला टेकून उभी, पुढे यायला तयार नाही. आधी मोहन बसला. कर्र झालं. कुंदाने डोळे मिटले. मग मी बसले. मी म्हणजे कशी, तर शाळेत पोरं मला मागून सुकट म्हणतात. मी बसले आणि तेवढंच कर्र झालं, उलट काकणभर जास्तच.

कुंदाने डोळे उघडले. "ऊठ बघू. परत बस."

मी उठले, बसले. कर्र.

"अहो, हा तर हिच्याखाली पण कुरकुरतोय!"

"कड्या सुक्या आहेत," मोहन म्हणाला. "तेव्हाही सुक्याच असतील. तू मला बघूच कुठे दिलंस?"

मग ती आली आणि बसली. तेवढंच कर्र, ना कमी ना जास्त. स्लॅब जागच्या जागी. मोहन स्वयंपाकघरातून खोबरेल घेऊन आला, स्टुलावर चढून त्याने कड्यांत घातलं, आणि थोड्या वेळाने झोपाळा गप्प झाला. कुंदा आधी हसली, पोट धरून हसली. आणि हसता हसताच रडायला लागली. "इतकी वर्षं मी उगाच उभी राहिल्ये गो," एवढंच म्हणत होती. मोहन तिच्या शेजारी जाऊन बसला आणि पायाने हलका झोका देत राहिला. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

त्यानंतर दर आठवड्याला कोल्हापूरचा फोन व्हायचा. ती झोपाळ्यावर बसूनच बोलायची. आंबापोळीचं पाकीट नकाशांच्या कपाटातून स्टाफरूमच्या टेबलावर आलं. दिवाळीआधी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मी वाटेत गंमत म्हणून विचारलं, "आपल्या अपेक्षा कोणत्या?" तर मला म्हणाली, "गप बस." आत मॅडमनी तोच प्रश्न विचारला, आणि कुंदा जरा थांबून म्हणाली, "साखर उतरावी. जिना चढता यावा. आणि ऑपरेशन झाल्यावर मला रडू आलं तर तुम्ही फोन उचलावा."

"उचलीन की," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर सही केली.

रडू आलंच. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन नीट पार पडलं, वजन उतरायला लागलं, पण केस मूठमूठ गळायला लागले, आणि वाटीभर पातळ पेजेने पोट भरायला लागलं. माघी गणपतीला मी तिच्याकडे गेले तर ही मागच्या पायरीवर बसलेली, हातात अर्धा मोदक, डोळ्यांत पाणी. "भूक गेली गो, पण आवड गेली नाही. आता मन दुखलं तर मी करू काय? खाता पण येत नाही." मी घाबरले. मला वाटलं, झालं, हिने चूक केली. तिने मात्र माझ्यासमोरच कोल्हापूरला फोन लावला आणि परसात जाऊन बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण आवाज ठीक होता. "म्हणाल्या, हे होतं. आपण आधी बोललो होतो ना त्याच्यावर. खरंच बोललो होतो गो." आणि उरलेला अर्धा मोदक तिने माझ्या हातावर ठेवला.

जून उजाडला, आणि फाटकात मी तिला बघितल्याबरोबर ओळखलं. ती बारीक झाली नव्हती. आधीच्या मानाने खूप उतरली होती, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या होत्या, पण अजून चांगली भरदारच होती, आणि दंडाची कातडी सैल लोंबत होती. आरशासमोर ती तिला खटकायची. मग स्वतःच म्हणायची, "असू दे, सांगितलं होतं त्यांनी." दहावीचा वर्ग तिला परत मिळाला. जिन्याच्या मधल्या वळणावर एकदा थांबायची आणि वर जायची. मे महिन्यात बोटीवरही जाऊन आली होती. जिने अरुंद नव्हते, पण समुद्र तिला असा काही लागला की चार दिवस ती आडवी होती. "बारीक झालं की बोट लागत नाही, असं मला कोणी सांगितलंच नव्हतं," हे सांगताना ती इतकी खुशीत असायची! जाऊ एकदा म्हणाली, "चेहरा उतरला हो तुझा, आधीच बरी दिसायचीस." मी संतापले. कुंदा झोपाळ्यावरून म्हणाली, "सुधे, ऑपरेशन माझं झालं, तिचं नाही."

पुढच्या वर्षीचा निरोपसमारंभ माझाही शेवटचा होता. मी त्याच वर्षी निवृत्त झाले आणि आता पुण्याला मुलाकडे असते. कुंदाला मी शेवटचं नीट बघितलं ते त्या सकाळी, शाळेच्या मैदानावर. दत्तारामने सवयीने तिच्यासाठी दोन खुर्च्या एकात एक घालून आणल्या, आणि मग लक्षात येऊन जीभ चावली.

"चुकलंच बाय. एक काढतो."

"राहू दे रे," कुंदा म्हणाली. "उंच दिसत्ये मी त्यांच्यावर." आणि घडी मोडलेली ती कपाटातली साडी सावरून टोकाला बसली.

फोटोग्राफर तोच, जुना. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, मान वर काढली आणि म्हणाला, "सोहोनी बाई, जरा आत सरका. फ्रेममध्ये येत नाही."

एवढं सगळं होऊनही ती फ्रेममध्ये येत नव्हती. आता ही उठणार, हे मला दिसायला लागलं, आणि मी तिचा पदर धरायला हात पुढे केला. त्याची गरज पडली नाही.

"मी नाही सरकत," कुंदा खणखणीत आवाजात म्हणाली. "तू मागे जा. मागे मैदान आहे, समुद्र नाही."

फोटोग्राफर दोन पावलं मागे गेला. मग आणखी दोन. पार पाण्याच्या टाकीला पाठ टेकली त्याची, आणि मुलं जी हसत सुटली ती थांबेचनात. त्या गोंधळातच त्याने बटण दाबलं.

तो फोटो इथे पुण्यात माझ्या टेबलावर आहे. फोटो म्हणून तो बिघडलेलाच आहे. मुलं, मुली, हेडसर, मीसुद्धा, सगळे हसत कुंदाकडे बघतायत. कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी एकटी तीच आहे.